कोतवालाचं वय

ब्रह्माघाट, काशी
१४ ऑक्टोबर १९९७

आदित्य,

पाच वर्षांनी तुला लिहितो आहे. रेल्वेची पक्की नोकरी सोडून तू जबलपूरला गेलास, त्यानंतर आपण बोललेलो नाही, आणि ते सगळं आज काढायचं नाही. एक काम आहे आणि ते तूच करू शकतोस. हे पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे. विश्वेशदादाला आणि इरावतीवहिनीला याचा सुगावा लागू देऊ नकोस.

कोतवालाबद्दल विचारायचं आहे.

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्यानं तर कधीपासूनच काही दिसत नाही. इस्पितळातून घरी आलो तेव्हा कोतवाल जिन्यावरून धडधडत खाली आला. मला हुंगलं आणि मागे सरला. गुरगुरला नाही, शेपटीही हलवली नाही. स्टेशनावर एखादा प्रवासी दुसऱ्याकडे बघतो तसा बघत राहिला. इरावती लगेच म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगाला दवाखान्याचा वास येतोय, म्हणून बिचकला." मला ते पटलं.

पण नंतर विचार करत बसलो. हा कुत्रा जिना धडधडत उतरला कसा? दोन वर्षांपासून कोतवालाला जिना उतरवायला विश्वेश त्याच्या पोटाखाली पंचा धरायचा. गल्लीत सांड बसलेला असला की कोतवाल त्याला वळसा घालून जायचा, कारण मागचे पाय ओढत चालायचा. आता तोच कुत्रा सांडावर भुंकतो आणि मला गच्चीपर्यंत खेचत नेतो. विश्वेशला विचारलं तर म्हणाला, "तुम्ही नव्हता तेव्हा सुया दिल्या त्याला. ताकदीच्या." कोणी दिल्या, तर म्हणे डॉक्टरनी. कुठल्या डॉक्टरनी, तर त्याला बँकेत जायला उशीर होत होता.

त्याचं तोंडही काळंभोर दिसतं. लहानपणी होतं तसं. मी म्हटलं, म्हातारपणी याचं तोंड पांढरं पडलं नव्हतं का? इरावती म्हणाली, "बाबा, तुम्हाला सगळंच पांढुरकं दिसायचं. आता नजर साफ झाली." दोन वर्षं मला धुक्यातलं दिसत होतं हे खरं आहे.

पण नजर बदलली तरी हात कसे बदलतील? फरशीवर बसून बसून कोतवालाच्या पुढच्या दोन्ही कोपरांवर घट्टे पडले होते, जुन्या चपलेच्या टाचेसारखे कडक. रोज मी त्यांना खोबरेल लावायचो. याच्या कोपरांना नुसती केसाळ कातडी आहे.

मी जन्मभर गाडीत तिकिटं तपासली. कोणाच्या खिशात तिकीट नाही हे मला त्याच्या बसण्यावरून कळायचं. आमच्या घरात सध्या सगळे तसे बसतात. मी स्वयंपाकघरात गेलो की बोलणं थांबतं. विश्वेश रात्री जेवणानंतर फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, घरात फोन असून.

तू त्याला पिल्लू असताना बाटलीनं दूध पाजलंस. त्याच्या अंगावर एखादी अशी खूण सांग, जी बोटांना कळेल. एवढंच काम.

बाबा


ब्रह्माघाट
९ नोव्हेंबर १९९७

आदित्य,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मानून पुन्हा लिहितो.

खालच्या मजल्यावरच्या नंदाताई तुला आठवत असतील. त्यांची पॉमेरेनियन, छबी, अजून आहे. पंधरा वर्षांची झाली. दात नाहीत, डोळे गेले, तरी दूधवाला आला की भुंकते. माझ्या मनात काय चाललंय ते मी त्यांच्याजवळ बोललो. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो नरहरराव, माझी छबी पंधराची, तर तुमचा कोतवाल दहा वर्षांचा धावणार नाही? तुमच्याकडे दूध-तूप काय कमी आहे?" नंतर जिन्यात त्यांची आणि इरावतीची कुजबुज ऐकू आली. म्हणजे त्याही सामील.

म्हणून मी कोणाला न सांगता सायकलरिक्षा केली आणि भेलूपुरला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. पांडेजी नावाचे गृहस्थ आहेत. कुत्रा बरोबर नेला नाही. नेला असता तर घरी कळलं असतं. नुसतं विचारलं की ग्रेट डेन कुत्रा किती जगतो.

ते म्हणाले, "सात साल, आठ साल. दस तक पहुँच जाए तो भगवान की दया."

मी छबीचं सांगितलं. ते म्हणाले, तिचा काय संबंध. छोटं कुत्रं चौदा-पंधरा वर्षं आरामात काढतं. अल्सेशियन अकरा-बारा. आपल्या गल्लीतलं कुत्रं एरवी गाडीखाली जातं, नाहीतर खरजेनं मरतं, पण तेच कोणी घरात पाळलं तर चौदा काढेल. "जितना बड़ा शरीर, उतनी छोटी उमर."

मी म्हटलं, "हत्ती तर उंदरापेक्षा जास्त जगतो."

"हाथी की बात हाथी जाने. कुत्तों में उलटा है," ते म्हणाले. डेनचं पिल्लू वर्षभरात माणसाच्या वजनाचं होतं. एवढ्या घाईनं वाढलेलं शरीर तेवढ्याच घाईनं झिजतं. हृदय थकतं, मागचे पाय जातात. मग मी कोतवालाचं वय सांगितलं आणि तो आता जिने कसा चढतो ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "बाबूजी, सूई से बूढ़ा कुत्ता जवान नहीं होता. कुत्ता दूसरा होगा."

बाहेर आलो आणि रिक्षात बसायचं विसरून चालत राहिलो.

आता मी विचार करतो तो असा. एवढं मोठं जनावर घरातून गेलं आणि त्याच्या जागी दुसरं आणलं, हे ज्यांनी माझ्यापासून लपवलं, ते आणखी काय काय लपवत असतील? इरावती रोज माझ्या डोळ्यात औषध घालते. बाटलीवरचं बारीक अक्षर मला वाचता येत नाही. मध्यंतरी बाटली बदलली. विचारलं तर म्हणाली, "तेच औषध आहे बाबा, कंपनी वेगळी." कुत्र्याच्या बाबतीतही तिचा सूर असाच असतो, तोच आहे बाबा. परवापासून मी औषध घालून घेणं बंद केलं आहे. ती थेंब टाकते, मी पापणी मिटून घेतो आणि नंतर पुसून टाकतो.

कोतवाल कुठे गेला? विकला? मारला? की म्हातारं जनावर जड झालं म्हणून सोडून दिला कुठे सारनाथच्या रस्त्यावर? जड झालेल्यांचं या घरात काय होतं हे मला कळायला हवं. यंदा मला एकोणसत्तरावं लागलं.

उत्तर दे. राग असला तरी दे.

बाबा


ब्रह्माघाट
२ डिसेंबर १९९७

आदित्य,

तुझं पत्र मिळालं. पाच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून 'र' तसाच काढतोस.

तू लिहितोस की कुत्रा तोच असणार, काही काही डेन बारा वर्षंही काढतात, बाबांनी मनाला लावून घेऊ नये. लिहितोस की अंगावर खूण अशी काही आठवत नाही. आणि शेवटी लिहितोस, 'त्याला उडदाची डाळ देऊ नका, पोट बिघडतं. मुगाची द्या.'

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

कोतवालानं जन्मभर उडदाची डाळ खाल्ली. तुझी आई होती तेव्हा तिच्या हातची, नंतर इरावतीच्या. त्याचं पोट कधी बिघडलं नाही, आणि हे तुला माहीत आहे, कारण घरात असताना त्याचं ताट तूच लावायचास. पोट बिघडतं ते या नव्या कुत्र्याचं. दिवाळीच्या सुमारास बिघडलं होतं, तेव्हापासून इरावती त्याला मूगच देते. ही गोष्ट जबलपूरला बसून तुला कशी कळली?

पूर्वी एखादा प्रवासी मी काही विचारायच्या आधीच सांगू लागायचा की साहेब, मी प्रयागलाच चढलो. त्याला मी हमखास उतरवायचो.

म्हणजे तूही त्यांच्यातलाच. विश्वेश कोपऱ्यावरून फोन करतो तो तुला. सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्याला येडा ठरवायचं ठरवलंय का? तसं असेल तर सरळ लिही.

डोळा लाल झाला आहे. पाणी गळतं, उजेड सोसत नाही. इरावतीनं आज बघितलं आणि विचारलं, "बाबा, औषध आत जातंय ना?" तिनं उशी उचलून बघितली, तिथे मी थेंब पुसत असे तो रुमाल होता. ती तिथेच खाली बसली. बराच वेळ रडली. मला वाटलं, पकडली गेली म्हणून रडतेय.

कुत्रा उठून तिच्याजवळ जाऊन बसला. कुत्रा वाईट नाही. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही.

बाबा


ब्रह्माघाट
११ जानेवारी १९९८

आदित्य,

जे तुला माहीत आहे तेच तुला लिहितो आहे. मला ते कळलं आहे हे तुला कळावं म्हणून.

डोळ्याचं आधी सांगतो. विश्वेशनं मला जवळजवळ उचलूनच इस्पितळात नेलं. डॉक्टरनी बाटली हातात घेऊन मला मोठ्यानं वाचून दाखवली. औषध तेच होतं. त्यांनी इरावतीसमोर मला झापलं की आणखी थोडे दिवस गेले असते तर हाही डोळा गेला असता. आता सूज उतरली आहे. औषध तीच घालते. मी डोळा उघडा ठेवतो.

पण कुत्र्याचं कोणी बोलेना. म्हणून परवा, बरं वाटू लागल्यावर, मी कँटच्या स्टेशनावर गेलो. मनात असं होतं की एवढा मोठा कुत्रा बाहेरगावाहून आला असेल तर गाडीनंच आला असेल, आणि गाडीनं आला असेल तर कोणीतरी बघितला असेलच. पार्सल ऑफिसात आपले मिश्राजी अजून आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतात. मी काही विचारायच्या आतच त्यांनी मला चहा मागवला आणि म्हणाले, "नरहर भैया, आपका आदित्य तो एकदम जवान हो गया. पैर छुए हमारे."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "कब?"

"अरे, जब आप अस्पताल में थे. इतना बड़ा कुत्ता लेके उतरा था. गार्ड बता रहा था, पिंजरे में समाया नहीं तो गार्ड वाले डिब्बे, ब्रेकव्हॅन में बाँधा, और लड़का रात भर वहीं उसके पास बैठा आया. आपको बताया नहीं?"

मी म्हटलं, बताया होगा, भूल गया.

घरी आलो आणि इरावतीला समोर बसवलं. म्हटलं, आदित्य आला होता. ती हो म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, न अडखळता. जणू कधीचं सांगायचं होतं.

मी इस्पितळात गेलो त्या दिवशी कोतवालानं अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात, माझ्या चपलांशेजारी झोपला तो उठलाच नाही. विश्वेशनं आणि नावाड्यानं त्याला नावेतून गंगेच्या मध्यधारेला नेऊन अर्पण केलं. तो विकला नाही की टाकला नाही. त्याचं आयुष्य संपलं. पांडेजींच्या हिशेबानं तर दोन वर्षं जास्तच काढली त्यानं.

आणि संध्याकाळी ती दोघं इस्पितळात आली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, कोतवाल जेवला का? डॉक्टरनी सांगून ठेवलं होतं की डोळ्याला टाके आहेत, रडायचं नाही, जोर करायचा नाही. इरावती म्हणाली, जेवला. मी रोज विचारत होतो आणि ती रोज जेवला म्हणत होती. विश्वेशनं तुला फोन करून फक्त बातमी दिली. दुसरा कुत्रा आणायचं डोकं तुझं.

तिनं मला हेही सांगितलं, की इथून जाताना तू अलाहाबादला उतरून कोतवालाचं एक पिल्लू घेऊन गेला होतास. कोतवालापासून तिथल्या एका मादीला पिल्लं झाल्याचं मला माहीत होतं, त्यातलं एक तुझ्याकडे आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे हा त्याचा मुलगा. म्हणून तोंड तेच, अंगाचा बदामी रंग तोच, बसताना मान टाकायची तऱ्हा तीच. मला चकवणारं दुसरं कुठलं कुत्रं तुला मिळालं नसतं.

मी म्हटलं, "इथपर्यंत आला आणि मला न भेटता गेला?"

इरावती म्हणाली, "भावजी भेटले की. दोन दिवस तुमच्या उशाशी बसून होते. तुमच्या डोळ्यावर पट्टी होती. दलिया त्यांनीच भरवला तुम्हाला."

मला आठवलं. भरवणाऱ्याचा हात खरखरीत लागला होता. मला वाटलं होतं विश्वेश आहे.

"मग बोलला का नाही?"

ती उठू लागली. मी पुन्हा विचारलं. मग खाली बघत म्हणाली, "बोलणार होते. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, विश्वेश, आदित्यला ऑपरेशनचं कळवू नकोस. तो आला तर मी त्याच्याशी काय बोलू, मला काही सुचणार नाही. ते ऐकल्यावर भावजी उठून बाहेर गेले. टाके निघाले की सगळं सांगायचं असं आमचं ठरलं होतं. पण तुम्ही आमच्यावरच नजर ठेवू लागलात. मग आम्हाला भीती वाटली."

आदित्य, मी तसं म्हणालो होतो. ते खोटंही नव्हतं. मला खरंच काही सुचलं नसतं. आजही हे पत्र लिहिताना प्रत्येक ओळीनंतर थांबतो आहे.

पण एक गोष्ट मला राहून राहून छळते. या जातीला आठ वर्षं मिळतात. तुझ्या कुत्र्याची पाच संपली. म्हणजे उरली तीन, फार तर चार. ती तू मला देऊन गेलास, आणि मी त्याची कोपरं चाचपत बसलो. तो रोज संध्याकाळी दाराशी जाऊन उभा राहतो. मला वाटायचं त्याला फिरायला जायचंय. आता कळतं की तो कोणाची वाट बघतो.

माझा रेल्वेचा पास आहे. मी त्याला घेऊन येतो आहे. येऊ नका असं लिहिणार असशील तर लिहू नकोस, कारण ते पत्र येईपर्यंत मी निघालेलो असेन.

बाबा


जबलपूर
२० फेब्रुवारी १९९८

इरावती,

सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच होतं, आता सविस्तर लिहितो. औषध वेळेवर घालतो, आदित्य घालून देतो. त्याचे हात गॅरेजात काम करून राकट झाले आहेत, पण थेंब नेमका पडतो.

गाडीत मी ब्रेकव्हॅनमध्येच बसलो. गार्ड नवीन पोरगा होता, तयार होईना. जुनी ओळख सांगितली तेव्हा बसू दिलं. कुत्रा माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. कटनी गेल्यावर उठला आणि दाराच्या फटीला नाक लावून उभा राहिला तो शेवटपर्यंत.

फलाटावर मी साखळी धरून उतरलो. आदित्य कुठे दिसेना. गर्दी पांगली तेव्हा पाण्याच्या नळापाशी उभा असलेला दिसला. त्यानं मला बघितलं होतं, पण पाऊल पुढे टाकत नव्हता. मीही टाकलं नाही. असे किती वेळ उभे राहिलो असतो कोणास ठाऊक. शेवटी त्यानं कुत्र्याला हाक मारली.

"नरू."

कुत्र्यानं मान वळवली आणि मीही म्हणालो, "ओ."

इरावती, तुम्ही सगळ्यांनी सगळं सांगितलंत, पण या कुत्र्याचं खरं नाव काय ते सांगितलं नाहीत. का ते आता कळलं. मला नरू म्हणणारी एक माझी आई होती. ती गेल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारलेली नाही. आदित्यचं तोंड लालबुंद झालं. तोवर कुत्र्यानं माझ्या हातातून साखळी ओढून घेतली होती आणि दोन्ही पाय त्याच्या छातीवर टाकून त्याचं तोंड चाटत होता. त्याच्या आडून आदित्य म्हणाला, "बाबा, तेव्हा फार राग होता तुमचा. म्हटलं, निदान याला तरी म्हणता येईल, नरू, गप बस."

"म्हटलंस का?"

"म्हटलं. वर्षभर म्हटलं." मग थांबून म्हणाला, "नंतर राग गेला. नाव राहिलं. हाक मारायला बरं वाटायचं."

मग आम्ही घरी निघालो. रिक्षात कुत्रा दोघांच्या मध्ये बसला होता.

इथे गॅरेजच्या मागे दोन खोल्या आहेत, पुढे अंगण. तो एकटाच राहतो. स्वयंपाक भिकार करतो. मी येताना चार दिवसांचे कपडे आणले होते, ते धुऊन धुऊन वापरतो. होळीपर्यंत राहा म्हणाला. मी हो म्हणालो. विश्वेशला सांग, आता फोन घरूनच करत जा.

नंदाताईंची छबी गेल्याचं तू कळवलंस, वाईट वाटलं. माझ्या वतीनं त्यांच्याजवळ जाऊन बस. मी त्यांच्याबद्दलही मनात बरंच काही आणलं होतं. तुझ्याबद्दल तर आणखी. ते लिहून संपायचं नाही. परत आलो की रोज सकाळी तुझा चहा मी करीन, एवढंच आता ठरवलं आहे.

काल संध्याकाळी मी आत पडलो होतो. कुत्रा माझ्या खाटेखाली गाढ झोपला होता. दिवसभर अंगणात हुंदडून हल्ली तो लवकर दमतो. बाहेरून आदित्यनं हाक मारली, "नरू, जेवायला चल."

कुत्रा हलला नाही. मी उठून गेलो.

बाबा